कंपनीचा डबा पुरे की स्वतःचा राऊटर घ्यावा?

शहापूर, बेळगाव
घरात फायबर घ्यायचं ठरलंय, 100 एमबीपीएसचा प्लॅन. जोडणीवाले म्हणालेत, आमच्या ओएनटीतच (फायबर येऊन जोडते तो कंपनीचा डबा) वायफाय आहे, वेगळा राऊटर कशाला. मला हे अजिबात पटत नाही. आमचं घर जुनं, दगडी भिंती हात-दीड हात जाड, मागच्या जोडणीचा डबा दारापाशी टीव्हीमागं ठोकलेला आणि माडीवर भाऊ अभ्यासाला बसला की मोबाईलवर एकच काडी, परीक्षेचा फॉर्म भरायला पोरगं खाली पायरीवर येऊन बसायचं. म्हणून मी चांगला ड्युअल बँड (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ, दोन्हीवर चालणारा) राऊटर घेणार आणि कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकायला लावणार, म्हणजे त्यानं नेट फक्त पुढं द्यायचं, बाकी सगळं माझा राऊटर बघेल. काय म्हणता?

खानापूर
नको बघा ताई, अनुभवानं सांगालोय. भिंत जाड असली की महागडा राऊटरपण तिथंच अडतोय, त्यात 5 गिगाहर्ट्झ तर पहिल्याच भिंतीत दमतो, 2.4 जरा लांब जातो पण स्पीड कमी. वर दोन डबे म्हणजे दोन ॲडाप्टर, आमच्याकडं पावसात लाईट गेली की दोन्ही बंद. एकच डबा असला तर 12 व्होल्टचा एक मिनी यूपीएस पुरतो. आणि उद्या ओएनटीवर एलओएसचा (फायबरमधनं सिग्नल येत नाही असं सांगणारा) लाल दिवा लागला तर बिघाड फायबरच्या बाजूचाच, राऊटर कितीबी भारी असू दे, काय उपयोग?

निपाणी
लाल दिव्याचं खरं, पण म्हणून कंपनी देईल ते घ्यायचं हे चूक. फक्त पोर्ट बघून घ्या. मी 200 चा प्लॅन घेतला, स्पीड 94 च्या वर जाईना, महिनाभर फोन करून भांडलो, शेवटी राऊटर उलटा करून बघितला तर पोर्ट 10/100 चे, म्हणजे 100 एमबीपीएसच्या वर जाणारेच नव्हेत! गिगाबिट (1000 एमबीपीएस) लिहिलं असेल तरच घ्या.

खानापूर
मग राऊटर घ्या, पण टीव्हीजवळ ठेवू नका की. ओएनटीपासून माडीपर्यंत कॅट 6 (नेटवर्कची) केबल ओढा, राऊटर माडीवर ॲक्सेस पॉइंट मोडवर लावा, म्हणजे तो फक्त वायफाय देतोय, बाकी काम ओएनटीच करतोय, ब्रिज मोडसाठी कुणाच्या मागं लागायला नको. केबल घरातनंच न्या बरं का, बाहेरनं नको. फायबर काचेची, तिच्यातनं करंट येत नाही, ही तांब्याची, वीज पडली तर पोर्ट जळतोय.

शहापूर, बेळगाव
हे पटलं. आत्ताच जिन्याच्या कोपऱ्यातनं दोरी लावून मोजलं, 22 मीटर भरली. 100 मीटरपर्यंत चालते म्हणजे काळजी नाही. ब्रिज मोडचा हट्ट सोडला, पण माडीवरचा राऊटर माझाच, गिगाबिट पोर्टचा, आणि त्याला वेगळा यूपीएस. भावाच्या परीक्षेआधी केबल ओढून व्हायला पाहिजे.