जॅको आणि जेमरसन

वय वाढलं की बेस गिटार वाजवणाऱ्याची आवड जॅझ-फ्यूजनमधल्या जॅको पास्टोरियसकडून मोटाउन या अमेरिकी सोल संगीत कंपनीच्या जेम्स जेमरसनकडे, म्हणजे करामती बेसवादकाकडून साध्या बेसवादकाकडे सरकते, असं एक मत ऐकलं. आवड सरकते हे खरं, माझीही सरकली. पण जेमरसन साधा? 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१) या गाण्यात मार्विन गेचा आवाज बाजूला ठेवून फक्त जेमरसनचा बेस ऐका. एकच ओळ तो दोनदा तशीच वाजवत नाही, आणि तरी गाण्याच्या वाटेत कुठेही येत नाही. उजव्या हाताची जवळजवळ फक्त तर्जनी वापरून, जुन्या, क्वचितच बदललेल्या फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारांवर हे सगळं! मी बोटं तीच ठेवून नुसत्या तारा बदलून फ्लॅटवाउंड लावून पाहिल्या, तर सूर लगेच आखूड आणि गोल झाला. मग रिकाम्या जागा आपोआप दिसायला लागतात.

आणि जॅकोला करामतीच्या खात्यात टाकणं तर मला अजिबात पटत नाही. १९७६ साली त्याचा स्वतःचा पहिला अल्बम आला, त्याच वर्षी जोनी मिचेलचा 'हेजिरा'ही आला. त्यातल्या चार गाण्यांत जॅकोचा फ्रेटलेस, म्हणजे मानेवर धातूच्या पट्ट्या नसलेला बेस आहे. त्यातलं 'कायोटी' ऐकताना लक्ष ठेवा, जोनीची ओळ संपते तिथे तो हार्मोनिक्स (तारेला हलका स्पर्श करून काढलेले उंच, घंटेसारखे सूर) सोडतो, ती पुन्हा सुरू झाली की खाली उतरतो. माझी आवड बदलली ती इथून, बेसवादक ऐकण्यापेक्षा बेसवादक गायिकेला कसा ऐकतो ते ऐकायला लागल्यापासून. जॅको माझ्या यादीतून गेला नाही, फक्त त्याचा अल्बम बदलला.