हर्नियानंतर पाच दिवस सेफ्ट्रिआक्सोन: प्रोटोकॉलमध्ये काय लिहावं?

ओटी_सिस्टर_बडोदा: दांडिया बाजारात आमचं छोटं सर्जिकल हॉस्पिटल आहे. हर्निया, पित्ताशय, सगळ्यांनाच सेफ्ट्रिआक्सोन हे अँटिबायोटिक इंजेक्शन सकाळ-संध्याकाळ पाच दिवस, वर घरी सेफिक्झिमच्या अँटिबायोटिक गोळ्या. बंद केलं तर टाके पिकतील अशी सरांना धास्ती. प्रोटोकॉल लिहायचा आहे, कसा लिहू?

मायक्रो_मॅडम: सिस्टर, चिरा पडतो तेव्हा औषध तिथे पोचलेलं हवं, नंतरचे डोस ती कसर भरून काढत नाहीत. जाळी बसवायच्या हर्नियाला सेफाझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम शिरेतून, चिऱ्याआधी ६० मिनिटांच्या आत. वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम. डोस भूलतज्ज्ञांनी ओटीतच द्यावा. वॉर्डात देऊन पेशंट बाहेर ताटकळला की वेळ टळते. ऑपरेशन चार तासांवर लांबलं तर पुन्हा एक. टाके पडले की बंद, ड्रेन (जखमेतलं पाणी काढणारी नळी) असला तरी. कमी जोखमीच्या, दुर्बिणीने काढलेल्या पित्ताशयाला तर एकही डोस लागत नाही.

सेफ्ट्रिआक्सोनचा बराच भाग पित्तातून आतड्यात उतरतो. तिथले साधे जंतू मरतात आणि ईएसबीएलवाले (सेफ्ट्रिआक्सोनसारखी औषधं निकामी करणारं एन्झाइम बनवणारे) ई. कोलाय, क्लेब्सिएला हे जंतू माजतात. तेच कॅथेटरवाटे लघवीत शिरले की मेरोपेनेम हे राखीव अँटिबायोटिक काढावं लागतं. त्यालाही एनडीएम जीनवाले (मेरोपेनेमही निकामी करणारं एन्झाइम बनवणारे) जंतू दाद देत नाहीत आणि मग हातात उरतं कोलिस्टिनसारखं, किडनीला त्रास देणारं औषध. एनडीएम जीन बहुधा प्लास्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) असतो, म्हणजे एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जातो.

टाके पिकण्याची सरांची धास्ती घालवायची तर रेझर बंद करा, केस क्लिपरने काढा. रक्तातली साखर १८० मिग्रॅ/डीएलच्या खाली ठेवा.

फार्मसी_रावपुरा: ड्रगचार्टवर 'कारण' आणि 'बंद करण्याची तारीख' असे दोन रकाने छापून घ्या. तारीख नसेल तर फार्मसीतून फक्त पहिला डोस, पुढचा सरांना विचारून. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसोबत मेट्रोनिडाझोल दिसलं तरी फोन करा; पोटातल्या ॲनारोबसाठी (ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंसाठी) पहिलं एकटं पुरतं.

ओटी_सिस्टर_बडोदा: आणि दुसऱ्या दिवशी ताप आला तर?

मायक्रो_मॅडम: पहिल्या ४८ तासांतला ताप बहुतेक वेळा ऑपरेशनच्या सुजेचा असतो. पेशंट तपासा, बीपी, नाडी, श्वास ठीक असेल तर नुसत्या तापावर अँटिबायोटिक नको. सेप्सिसची (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची) शंका आली तर मात्र थांबायचं नाही: दोन वेगळ्या जागांहून दोन सेट ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी), बाटलीत ८ ते १० मिली, लगेच पहिला डोस. कातडीवरचं क्लोरहेक्सिडिन पूर्ण वाळू द्या, बाटलीचं रबर स्पिरिटने पुसा. बाटल्या फ्रिजमध्ये कधीच नाहीत. लघवी पिशवीतून घेऊ नका, नळी क्लॅम्प करून सॅम्पलिंग पोर्टमधून ओढा. ४८ तासांनी रिपोर्ट हातात घेऊन औषध बदला किंवा थांबवा.