'ड्रॉप' आणि 'रिजेक्ट', दोन्हींना 'नाकारणे'?

तळटीप: लिनक्स फायरवॉलची (नेटवर्कवरची नको ती ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेची) मार्गदर्शिका मराठीत करतेय. आयपीटेबल्समध्ये, म्हणजे तिचे नियम लिहायच्या आज्ञेत, पॅकेट (डेटाचा तुकडा) अडवायचे दोन मार्ग आहेत, ड्रॉप आणि रिजेक्ट. हाती आलेल्या मसुद्यात दोन्हीकडे 'नाकारणे' आहे. वाचणारा चुकीचा नियम लिहील. वेगळे शब्द सुचवा.

रानमोडी: रिजेक्टला 'नाकारणे' राहू द्या, कारण नकार कळवला जातो. वेगळं काही सांगितलं नाही तर आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा) 'पोर्ट अनरीचेबल' हा निरोप जातो, टीसीपी जोडणीसाठी हवा तर रिसेट (जोडणी तोडल्याचा संदेश) पाठवता येतो. समोरच्याला तिथल्या तिथे कळतं. ड्रॉपमध्ये चकार शब्द परत जात नाही. क्लायंट सिन (जोडणीची विनंती) पाठवतच राहतो, लिनक्सवर मूळ सेटिंगने कितीतरी वेळा, आणि माणूस मिनिटभराहून जास्त ताटकळतो. म्हणून 'गिळणे'.

खडू: 'गिळणे' मार्गदर्शिकेत शोभत नाही. 'त्यागणे' घ्या. आणि शीर्षकातच 'फायरवॉल' कशाला? 'अग्निभिंत' आहे की.

रानमोडी: 'अग्निभिंत' म्हटलं की आगीचीच भिंत डोळ्यांपुढे येते. इमारतीतल्या त्या भिंतीला 'अग्निरोधक भिंत' म्हणतात, तो 'रोधक' गाळला की अर्थच उलटतो.

खडू: मध्यमपदलोपी समास आहे. पुरणपोळीत 'घालून केलेली' कुठे दिसतं?

ओसरी: पुरणपोळी आधी पानात येते, विग्रह नंतर. नेटवर्क सांभाळणारे दिवसभर 'फायरवॉल'च म्हणतात, 'पॅकेट ड्रॉप होतंय' म्हणतात. आज्ञेतही तोच शब्द टाइप करायचाय. मूळ शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'न कळवता टाकून देणे' असं उलगडा.

तळटीप: 'टाकून देणे' पटतंय. 'फ्लश'ला मसुद्यात 'फायरवॉल बंद करणे' आहे, तेही खटकतंय.

ओसरी: ते आजच काढा. फ्लशने नियम पुसले जातात, पॉलिसी (कुठलाच नियम लागू पडला नाही तर काय करायचं ते) तशीच राहते. इनपुटची (आत येणाऱ्या पॅकेटांची) पॉलिसी ड्रॉप असेल तर त्याच क्षणी तुमचं एसएसएच (दुरून केलेलं लॉगिन) तुटतं आणि सर्व्हरच्या कन्सोलवरून आत शिरावं लागतं. आधी पॉलिसी अ‍ॅक्सेप्ट करायची, मग फ्लश. बांधताना उलटं: आधी लूपबॅक (यंत्राची स्वतःशीच होणारी ये-जा), मग 'एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड' (आधीच जुळलेल्या जोडण्या आणि त्यांच्याशी संबंधित पॅकेटं), मग एसएसएचचं २२ क्रमांकाचं पोर्ट यांना परवानगी, आणि पॉलिसी ड्रॉप सगळ्यांत शेवटी. 'नियम पुसणे' लिहा.

रानमोडी: 'सर्व आयसीएमपी त्यागा' असं वाक्य कुठे असेल तर तेही उडवा. 'फ्रॅगमेंटेशन नीडेड' (पॅकेट मोठं आहे, तुकडे हवेत) हा निरोप अडला की लॉगिन होतं, पण मोठी फाइल मध्येच लटकते आणि कारण लवकर सापडत नाही. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) मध्ये तर शेजारचं यंत्र शोधणंच आयसीएमपीवर चालतं.

खडू: ते ठीक. पण 'नियम'सुद्धा संस्कृतच, तो चालतो आणि 'अग्निभिंत' का नाही?

ओसरी: 'नियम' रोजच्या तोंडात आहे.

खडू: 'संगणक'ही एके काळी नव्हता.

तळटीप: 'स्टेटफुल'ला, म्हणजे जोडण्यांची स्थिती (स्टेट) लक्षात ठेवणाऱ्या फायरवॉलला, काय म्हणू? मसुद्यात 'राज्यपूर्ण' आहे.