फळाचा थर आधी आटवा

फळ घातलेल्या चीजकेकच्या वड्यांचं खालचं बिस्किट ओलं का होतं, असं विचारलंय. फळ कच्चंच घातलं की होणारच. आपल्या नाशकात फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं ढिगाने, पण सगळी पाण्याने भरलेली. ओव्हनमध्ये फुटतात आणि रस चीजमध्ये उतरतो. म्हणून काळी बिनबियांची द्राक्षं अर्धी चिरून साखर-लिंबू घालून आधी आटवा, वाटीभर फळाला चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून लावा आणि पूर्ण गार करा. सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी मिळाली तर तिलाही हेच. बिस्किट-लोण्याचा थर १७० अंशांवर १० मिनिटं एकटाच भाजायचा, ही पायरी गाळू नका.

क्रीम चीज महाग पडतं हे खरंय. निम्मा चक्का चालतो, पण रात्रभर टांगलेला आणि आंबट नसलेला. तरी चव थोडी श्रीखंडाकडे झुकते (मला आवडते, घरच्या पोरांना नाही). थंडगार चीज फेटलं तर गुठळ्या राहतात. अंडं घातल्यावर जास्त फेटलं तर हवा शिरून वर तडे जातात. मधला भाग जरासा थरथरत असतानाच ओव्हन बंद करा. वड्या दुसऱ्या दिवशीच पाडा, सुरी गरम पाण्यात बुडवून, दरवेळी पुसून.