मुलगी लंडनला एम.ए.ला चालली आहे, थोडी माहिती हवी

प्रेषक: नंदा, दांडिया बाजार, बडोदे

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ तुमच्या मंडळाचा जुना सभासद, त्यानेच मला या ईमेल यादीत घेतलं. आमच्या सईला लंडनमध्ये एम.ए.ला प्रवेश मिळाला आहे. विषय आहे शिक्षण आणि आंतरराष्ट्रीय विकास. सप्टेंबरमध्ये निघायचं. घरात आनंद आहे, पण कोणी विचारलं की ती काय शिकायला चालली आहे, तर मला धड सांगता येत नाही. ह्यांचं म्हणणं, शिक्षणाचाच अभ्यास करायचा तर आपल्या सयाजीराव विद्यापीठात एम.एड. आहेच, त्यासाठी कर्ज काढून एवढ्या लांब कशाला? सई यावर चिडून उठून जाते. तिथे शिकलेल्या कोणी सांगाल का, दिवस कसा जातो, अभ्यास कसला असतो, सुट्टीत काम करून थोडा खर्च निघतो का? आणि पोर एकटी तर नाही ना पडणार?

नंदा


प्रेषक: मृणाल, मांजलपूर, बडोदे

नंदाकाकू,

मी हाच अभ्यासक्रम लंडनमध्ये केला. खोलीही याच यादीवरून मिळाली होती. आता परत बडोद्यात आहे, म्हणून लगेच लिहिते.

काकांचा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर आधी. एम.एड. झालेली माणसं पुढे शिक्षक घडवतात. इथे वेगळंच विचारतात: एका देशातली शाळेची कल्पना दुसऱ्या देशात नेली की तिचं काय होतं? पैसा कोण देतं, ठरवतं कोण? १९९० साली थायलंडमध्ये जोमतिएनला जगभरची सरकारं जमली आणि २००० पर्यंत सगळ्या मुलांना प्राथमिक शिक्षण देऊ म्हणाली. २००० उजाडलं, सेनेगलमध्ये डकारला पुन्हा जमली, मुदत २०१५ झाली. २०१५ ला कोरियात इंचिऑनला ती २०३० वर गेली. दर वेळी मुदत का हुकली, हे एकेका देशाचे कागद काढून बघायचं, असा हा अभ्यास.

वर्गात बसायचे तास थोडे, आठवड्याला दोन-तीन सेमिनार. बाकी सगळं वाचन, आणि ते खरोखर पुष्कळ असतं. एका सेमिनारचा विषय होता, मूल कोणत्या भाषेत शिकावं. युनेस्कोने १९५३ सालीच सांगून ठेवलंय की सुरुवात मातृभाषेतून व्हावी. आपल्या राज्यघटनेत १९५६ साली ३५०-अ कलम आलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी म्हणून. हे सगळं मी वाचून गेले होते. पण बाईंनी प्रत्येकाला आपापला पहिलीचा वर्ग सांगायला लावला. केनियाची मैत्रीण म्हणाली, तिच्या आईच्या शाळेत घरची भाषा बोललं की गळ्यात लाकडी चकती अडकवायचे. माझी पाळी आली तेव्हा मी उठून फळ्यावर ‘गगन’ लिहिलं. आमची शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे मराठीच्या तासाला ‘गगन’वर रेघ ओढायची आणि गुजराती लिपीत वरची रेघ नसते म्हणून गुजरातीच्या तासाला तोच शब्द उघडा ठेवायचा. चुकून रेघ पडली की गुजरातीच्या बाई खोडरबर पुढे करायच्या, रागवायच्या नाहीत. मी फळ्यावर रेघ ओढली, पुसली, परत ओढली. चिलीचा एक मुलगा पुढे येऊन ती अक्षरं बोटाने गिरवून गेला. त्या दिवशी मला कळलं की मी इथे रिकाम्या हाताने आलेले नाही.

तोवर मात्र फार वाईट गेलं होतं. पहिल्या निबंधाला ४८ गुण मिळाले, आणि तिथे एम.ए.ला पास व्हायला ५० लागतात. मी वीस पुस्तकं वाचून कोण काय म्हणालं ते नीट मांडलं होतं. शेरा आला की यात तुमचं म्हणणं कुठेच नाही. दोन दिवस रडले, काकू. आपल्याकडे आपण चांगलं उत्तर म्हणजे पूर्ण उत्तर समजतो. तिथे आधी तुम्हाला काय वाटतं ते सांगायचं आणि मग पुरावा द्यायचा. सईला हे आत्ताच सांगा.

दुसरा निबंध मी आपल्या सयाजीराव महाराजांवर लिहिला. इंग्लंडमध्ये मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं झालं १८८० साली. सयाजीरावांनी अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण सुरू केलं १८९३ मध्ये, म्हणजे अवघ्या तेरा वर्षांनी, आणि १९०६ पासून ते सगळ्या संस्थानाला लागू होत गेलं. गोखल्यांनी १९११ साली ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असंच विधेयक आणलं, बडोद्याचा दाखला दिला, तरी ते नामंजूर झालं. मला वाटलं, आता माझा मुद्दा सिद्ध झाला. तेव्हा त्याच केनियाच्या मैत्रिणीने विचारलं, मूल शाळेत गेलं तर शेतावरचे दोन हात कमी झाले, आणि पाठवलं नाही म्हणून दंड झाला तर तो भरला कोणी? हे मला सुचलंच नव्हतं. सुरसागरच्या काठावरून शंभरदा गेले असेन, महाराजांचा अभिमान होता, पण अमरेलीतल्या त्या बापाचा विचार कधी केला नव्हता. अख्खा निबंध नव्याने लिहिला.

कामाचं: सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं. आणि एम.ए.वाल्यांचा उन्हाळा डिसर्टेशन, म्हणजे शेवटचा मोठा प्रबंध, लिहिण्यात जातो, तोही सत्रातच धरतात. त्यामुळे सुट्टीत पूर्ण वेळ काम करून फी भरू, हा हिशेब मांडू नका. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, ओढाताण झाली.

एकटी पडेल, काकू. काही आठवडे नक्कीच पडेल. डिसेंबरात चार वाजता अंधार होतो. लायब्ररीच्या काचेत आपलाच चेहरा दिसायला लागतो आणि घर फार आठवतं. तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. माझी आई बरोबर त्याच वेळी फोन करायची. जेवलीस का एवढंच विचारायची.

रविवारी सईला घेऊन या, माझ्या वह्या दाखवते.

मृणाल


प्रेषक: वाडीतले काका (निवृत्त शिक्षक)

मृणाल, तुझं पत्र दोनदा वाचलं. सईसाठी एक भर घालतो. मॉन्टेसरीबाईंची पद्धत इटलीतली, साधनं लाकडाची, घोटीव आणि महाग. गुजरातेतले बालशिक्षक गिजुभाई बधेका यांनी ती भावनगरला आणली, १९२० मध्ये बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक त्यांच्या सोबतीला गेल्या. पुढे डहाणूजवळ बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी काय केलं? आदिवासी पाड्यांवर गोटे, पानं, शिंपले, बिया हीच साधनं केली. मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जात, तर बाई कुरणात गेल्या आणि शाळा तिथे भरवली. कल्पना परमुलखात नेताना काय सोडायचं आणि काय ठेवायचं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. सईने जाण्याआधी कोसबाड बघावं. मुंबईच्या गाडीने डहाणू रोडला उतरायचं, फार लांब नाही.


प्रेषक: नंदा, दांडिया बाजार, बडोदे

मृणाल, काका,

दोन्ही पत्रं ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. अमरेलीचं आलं तेव्हा ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, दंडाचं काय झालं पुढे ते विचार तिला. तेव्हा रविवारी आम्ही तिघंही येतो. कोसबाडला पुढच्या शनिवारी जायचं ठरलं आहे. सईने माळ्यावरून दुसरीच्या वह्या काढल्या, गुजरातीच्या वहीत दोन ठिकाणी रेघ खोडलेली सापडली. ती वही बरोबर नेणार म्हणते.

साडेनऊचं कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.

नंदा