वारूळ हे धुराडे नव्हे

वारुळाच्या भोकांतून गरम हवा धुराड्यासारखी वर निघून जाते, हे म्हणणे आपल्याकडच्या वारुळांना लागू पडत नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याशी आमच्या बांधावर जे कंगोरेदार वारूळ आहे, त्याला वाळवी राहती असेपर्यंत बाहेर उघडणारे एकही भोक नसते; भोके दिसतात ती बहुधा मोडक्या किंवा सोडून दिलेल्या वारुळाला. याच प्रकारच्या वारुळांवर बंगळुरात झालेला अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार दिवसा बाहेरचे पातळ कंगोरे लवकर तापून त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कंगोरे आधी निवतात, प्रवाह उलटतो व जोर धरतो, आणि दिवसभर साठलेला कार्बन डायऑक्साइड सच्छिद्र मातीच्या भिंतींतून बाहेर पडतो.

हवा खेळती ठेवण्याचा एवढा खटाटोप कशासाठी, हा मुद्दा उरतोच. दोन वर्षांपूर्वी बांध सरळ करताना वारुळाची एक बाजू ढासळली, तेव्हा आत मुठीएवढे, अक्रोडाच्या गरासारखे सुरकुतलेले करडे गोळे दिसले आणि त्यांवर खसखशीएवढे पांढरे ठिपके होते. ती वाळवीची बुरशीची शेती. चावलेला पालापाचोळा व लाकूड ही बुरशी पचनाजोगे करते, मात्र तिला दमट आणि फारशी न बदलणारी हवा लागते. पावसाळ्यात वारुळाभोवती उगवणारी, लांब मुळासारख्या देठाची आणि आपण आवडीने खातो ती अळंबी याच बुरशीची. ढासळलेली बाजू वाळवीने ओल्या मातीच्या बारीक गोळ्या लावून दुसऱ्या सकाळपर्यंत बरीचशी लिंपून घेतली होती.