ऑल-स्टार मॅच अटलांटातून हलवली, मग परत आणली. मधल्या काळात बदललं काय?

बोरिवली_फास्ट
माझा भाचा अटलांटाला असतो. २०२५च्या जुलैत त्याने तिथल्या ट्रुइस्ट पार्क स्टेडियममधले ऑल-स्टार मॅचचे फोटो पाठवले. मला बेसबॉलमधलं शून्य कळतं, पण सहज शोधायला गेलो तर कळलं की हीच मॅच २०२१ला तिथेच ठरली होती आणि जॉर्जिया राज्याच्या मतदानाच्या कायद्यावरून मेजर लीगवाल्यांनी ती उचलून डेन्व्हरला नेली. कायदा अजून तोच आहे ना? मग मॅच परत कशी आली? आणि आयडी मागितला म्हणून एवढा गहजब कशाला, आपल्याकडे तर ओळखपत्र बघितल्याशिवाय बोटाला शाई लावत नाहीत. भाच्याला विचारलं तर म्हणतो, मामा ते कॉम्प्लिकेटेड आहे. म्हणून इकडे विचारतोय.

पेरूची_फोड
मी अटलांटाजवळ अल्फारेटात राहते, भाच्याला रागवू नका 😄

आयडीचं म्हणाल तर, बूथवर जाऊन मत द्यायला फोटो आयडी जॉर्जियात आधीपासूनच लागायचा. २५ मार्च २०२१ला गव्हर्नर केम्प यांनी सही केली तो एसबी २०२ ९८ पानांचा आहे, त्यात पोस्टाने मत द्यायलाही आयडी आला, पूर्वी सही जुळवायचे आता लायसन्सचा नंबर. मतपत्रिका टाकायच्या पेट्या कमी केल्या, त्याही बाहेर नाही तर लवकर मतदानाच्या केंद्राच्या आत आणि तिथल्याच वेळेत. काउंटीचं निवडणूक बोर्ड राज्याला ताब्यात घेता येईल अशी सोय केली. त्यातून टायमिंग बघा, नोव्हेंबरमध्ये बायडन इथे ११,७७९ मतांनी जिंकले, जानेवारीत सिनेटच्या दोन्ही जागा डेमोक्रॅट्सकडे गेल्या आणि मार्चमध्ये हा कायदा. लोकांनी दोनात दोन मिळवले.

पण सगळ्यात जास्त गाजलं ते पाणी. केंद्राच्या १५० फुटांत किंवा रांगेतल्या माणसापासून २५ फुटांत कोणी खायला प्यायला द्यायचं नाही. (२५ फुटांचा भाग २०२३ला कोर्टाने तात्पुरता अडवला.) तिकडे बसून हे फालतू वाटेल. जून २०२०च्या प्रायमरीला (पक्षाचे उमेदवार निवडायचं मतदान) मी फुल्टन काउंटीत सकाळी सातला रांगेत लागले, नुकती सिटिझन झालेले, आयुष्यातलं इथलं पहिलं मत, आणि आत गेले साडेदहाला. माझ्या पुढच्या आजींनी घडीची खुर्ची आणली होती, रांग सरकली की त्या उठायच्या, मी खुर्ची दोन पावलं पुढे ठेवायचे, त्या परत बसायच्या. दोन पोरं बर्फाचा डबा ओढत आली आणि पाण्याच्या बाटल्या वाटून गेली, कोणाला मत द्या हे चकार शब्दाने नाही. आता केंद्राच्या १५० फुटांत तसं करायला गेलं तर गुन्हा. केंद्रावरचे अधिकारी पाणी ठेवू शकतात, आपण जाऊन घ्यायचं, पण रांग सोडून जायचं कोणी?

हिशोबी_गणू
ताई आयडीचं झालं, मुख्य प्रश्न राहिला की. काहीही बदललं नाही, हेच उत्तर आहे.

तारखा बघा. सही २५ मार्चला. डेल्टा एअरलाइन्सचे प्रमुख एड बॅस्टियन आणि कोकाकोलाचे प्रमुख जेम्स क्विन्सी हा कायदा मान्य नाही असं स्पष्ट बोलले ३१ मार्चला, तेही त्याच दिवशी केन शेनॉल्ट, केन फ्रेझियर वगैरे कंपन्यांमधल्या ७२ कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांचं विरोधाचं पत्र आल्यावर. बिल सभागृहात असताना दोघांची मुख्यालयं अटलांटातच होती, तेव्हा गुळमुळीत. लगीन लागल्यावर आडवं पडून उपयोग काय? २ एप्रिलला मेजर लीगचे प्रमुख मॅनफ्रेड यांनी मॅच हलवली, पण कायद्यात हे हे बदला मग परत येतो, अशी काही अटच नव्हती. ज्याला अट नाही तो बहिष्कार नाही, रुसवा आहे. आणि रुसवा चार वर्षांत जातो.

उलट डेल्टालाच दम भरला गेला. जॉर्जियाच्या खालच्या सभागृहाने विमानाच्या इंधनावरची करसवलत काढायचा ठराव केला, सिनेटने तो घेतलाच नाही म्हणून वाचले.

उंबरठा७
गणूभाऊ हे जरा सोपं करून सांगताय. कंपन्या उशिरा बोलल्या, मान्य, पण बोलल्याच नसत्या तर बाकीच्या राज्यांना मोकळं रानच मिळालं असतं.

हिशोबी_गणू
मिळालंच की! टेक्सासने २०२१च्या सप्टेंबरात तसाच कायदा केला, अमेरिकन एअरलाइन्स आणि डेलने एप्रिलमध्येच विरोध केला होता तरी. आणि २०२४ची ऑल-स्टार मॅच कुठे झाली? आर्लिंग्टन, टेक्सास. कोणी चूं केलं नाही.

उंबरठा७
हे माहीत नव्हतं. बरं, मग ॲरिझोना? तिथे चाललं ना. १९९० साली तिथल्या मतदारांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी नाकारली, एनएफएलने (अमेरिकन फुटबॉलची लीग) १९९३चा सुपर बोल, म्हणजे त्यांची फायनल, काढून कॅलिफोर्नियात पॅसाडिनाला नेला, १९९२ला मतदारांनी सुट्टी मंजूर केली आणि १९९६चा सुपर बोल टेंपीला झाला.

हिशोबी_गणू
तेच तर म्हणतोय. तिथे सुट्टी द्या, मॅच घ्या, एवढा सरळ सौदा होता आणि मत द्यायचं होतं तिथल्याच लोकांना. जॉर्जियात मत देणारे आमदार, आणि त्यांच्या खिशातून काय गेलं?

पेरूची_फोड
गेलं ते भलत्यांच्याच. आमच्या ओळखीतले एक गुजराती काका कॉब काउंटीत, स्टेडियमपासून दहा मिनिटांवर छोटं मोटेल चालवतात. कोविडचं वर्ष कसंबसं काढलेलं, जुलैच्या त्या आठवड्याच्या सगळ्या खोल्या भरलेल्या, आणि एका शुक्रवारी दुपारी फोन वाजायला लागला तो कॅन्सल करणाऱ्यांचाच. काकांनी त्या कायद्याच्या विरोधात सही केलेली होती हो! मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या इथल्या डेमोक्रॅट नेत्या स्टेसी ॲब्रम्ससुद्धा मॅच गेल्यावर निराश झाल्याचं म्हणाल्या, इतक्यात बहिष्कार नको असं त्या आधीपासून सांगत होत्या.

मला खरी चुटपुट अटलांटाचे थोर बेसबॉलपटू हँक ॲरन यांची लागली. त्याच जानेवारीत ते गेले, त्यांचा गौरव त्यांच्याच गावात होणार होता तो डेन्व्हरला झाला. २०२५ला आम्ही गेलो तेव्हा मध्येच दिवे घालवून त्यांचा १९७४चा विक्रमी ७१५वा होमरन मैदानावर प्रकाशाने उभा केला, चेंडूच्या जागी आतषबाजी. माझ्या शेजारचा म्हातारा टोपी काढून उभा होता आणि मला काही केल्या ती खुर्चीवाली आजी आठवत होती.

बोरिवली_फास्ट
समजलं. भाच्याला धागा पाठवला, तो म्हणतो मी हेच सांगणार होतो 🙄 आणि दुसऱ्या बाजूने ट्रम्पनी कोक पिऊ नका म्हटलेलं त्याचं काय झालं?

उंबरठा७
काही दिवसांत त्यांच्या टेबलाचा फोटो आला. फोनच्या मागे बाटली, लपवल्यासारखी. दिसायला कोकचीच.